जागरण आणि गाडीची किल्ली

दारू पिऊन गाडी चालवणे चूक, याबद्दल आपल्यात दुमत नाही. पण पहाटे सहाला उठलेला माणूस लग्नाचे जेवण आटोपून रात्री एक वाजता गाडी काढतो, तेव्हा आपण त्याला हसतमुखाने निरोप देतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००० साली दाखवून दिले, की १७ ते १९ तास जागलेला माणूस काही चाचण्यांत १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्याइतका मंद होतो. आपल्या कायद्याची मर्यादा तर ३० मिलिग्रॅमच आहे!

दारूचा वास येतो, जागरणाचा येत नाही. पोलिसांच्या यंत्रालाही ते सापडत नाही. मग अपघात झाल्यावर आपण म्हणतो, ‘बिचाऱ्याचा डोळा लागला.’ डोळा लागणे हाती नसते, हे खरे. किल्ली उचलणे मात्र हाती असते, आणि दोषाचा विचार तेथूनच करायला हवा. रात्रपाळीच्या ट्रकचालकाचे वेगळे. त्याला पोटासाठी जागावे लागते, तेथे मालकालाही जाब विचारला पाहिजे. आपल्या मागच्या सीटवर तर आपलीच मुले निर्धास्त झोपलेली असतात.

यजमानांनी अशा वेळी ‘आज इथेच झोपा’ म्हणावे. पाहुण्यानेही संकोच न करता एक चटई मागून घ्यावी.