कागुयाचा बाप

इसाओ ताकाहाता यांचा ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ (2013) हा अ‍ॅनिमेशनपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मनात राहिली ती फक्त एक धाव. राजधानीतल्या हवेलीत मुलीच्या नामकरणाची मेजवानी चालू असते. दारू प्यालेले पाहुणे तिच्याबद्दल अचकटविचकट बोलतात. पडद्याआड बसलेली ती ते ऐकते आणि सुसाट पळत सुटते. त्या क्षणी जलरंग उडून जातात, कोळशाने ओरबाडल्यासारख्या रेघा उरतात आणि अंगावरची भरजरी वस्त्रं एकेक करून मागे पडत जातात. बाकीचा सव्वादोन तासांचा सिनेमा संथ वाटला होता. कडेचा कागद कोरा सोडलेली चित्रं तर अर्धवटच वाटली.

पुढे पाहत गेलो तसा त्या कोऱ्या जागेचा अर्थ लागू लागला. ताकाहाता स्वतः चित्रं काढत नसत. ओसामु तानाबे यांच्या रेघेतला जोर आणि काझुओ ओगा यांच्या जलरंगांचा हलकेपणा पडद्यापर्यंत जसाच्या तसा पोचावा यासाठी त्यांनी जवळजवळ आठ वर्षं खर्ची घातली. चित्र घोटून पूर्ण केलं की त्यातली हालचाल मरते. इथे ती जिवंत राहते. बाळ पालथं पडतं, बेडकामागे रांगतं, धडपडत उभं राहतं, आणि हे सगळं जेमतेम चार रेघांत.

पण या सिनेमावर खरा जीव जडला तो बापामुळे. गोष्ट हजारेक वर्षांपूर्वीची, जपानात पोराटोरांना ठाऊक असलेली: बांबूतोड्याला बांबूत इवलीशी मुलगी सापडते, मग सोनं सापडतं, आणि हिला राजकन्या करावी ही वरच्याचीच इच्छा, असं तो ठरवून टाकतो. सुरुवातीला हा म्हातारा मला निव्वळ हावरट वाटे. आता लक्ष जातं ते अंगणातल्या त्या प्रसंगाकडे. गावातली मुलं बाळाला ‘बांबूचा कोंब’ म्हणून हाका मारतात आणि हा ईर्ष्येने ‘राजकन्ये, ये’ म्हणून ओरडत राहतो. बाळ त्याच्याकडे वळतं तेव्हा धावत जाऊन तिला कवटाळतो आणि रडतो. पुढची सगळी शोकांतिका त्या एका हाकेत आहे. लेकीवर त्याचा जीव आहे, फक्त तिला काय हवंय हे तो कधी विचारत नाही. ‘तुझ्या भल्यासाठीच’ हे वाक्य ऐकत वाढलेल्या कुणाही मराठी माणसाला हा बाप परका वाटू नये. आई मात्र हवेलीतही मागच्या अंगणाजवळ आपली चूल आणि माग मांडते. लेक तिथेच मातीत गावाची छोटी प्रतिकृती रचते आणि एके दिवशी ‘हे सगळं खोटं’ म्हणत तीच उद्ध्वस्त करते.

मागणी घालायला आलेल्या पाच उमरावांचा भाग आजही मला ताणलेला वाटतो. तो थोडक्यात उरकला असता तर काही बिघडलं नसतं.

शेवटाची गोष्ट वेगळी. चंद्रावरून ढगावर बसून बुद्धासारखी मूर्ती आणि तिचा लवाजमा कागुयाला परत न्यायला येतो. जो हिसाइशी यांनी तिथे चक्क आनंदी, ठेका धरायला लावणारं संगीत दिलंय. आधी ते खटकायचं. पण ज्यांना दुःखच ठाऊक नाही त्यांचं संगीत दुसरं कसं असणार? तिथे आठवतात ते मुक्ती नाकारून पुन्हा जन्म मागणारे आपले तुकोबा. कागुयालाही तो निर्मळ चंद्र नको असतो, माती हवी असते. फरक एवढाच की तिचं कुणी ऐकत नाही. खांद्यावर वस्त्र पडतं आणि ती सगळं विसरते.

जमलं तर हा सिनेमा मूळ जपानी आवाजांतच पाहा. इथे आवाज आधी ध्वनिमुद्रित केले आणि चित्रं नंतर त्यांवर बेतली. बापाचा आवाज ताकेओ चिइ यांचा आहे. ते 2012 मध्ये वारले, सिनेमा प्रदर्शित होण्याच्या वर्षभर आधी.