खिशातला कॅमेरा आणि समोरच्याचा नकार

गेल्या दोन-तीन वर्षांत घरोघरच्या कपाटांतून एक वस्तू पुन्हा बाहेर येते आहे. २००५-१०च्या सुमाराला कुणीतरी हौसेनं घेतलेला, मग फोन आला म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलेला छोटा डिजिटल कॅमेरा. चार्जर सापडत नाही, बॅटरी फुगलेली असते, कार्ड कोणत्या जातीचं ते कळत नाही. तरी इन्स्टावर त्याच्या फोटोंना मागणी आहे. चेहऱ्यावर आदळणारा फ्लॅश, मागे काळाकुट्ट अंधार, कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख. ज्यांच्या बारशाला हे कॅमेरे वापरले गेले, तीच पिढी आता ते सेकंडहँड विकत घेते आहे.

माझ्याकडेही असा एक आहे. पत्त्यांच्या कॅटइतका. वाकडमध्ये राहतो, त्यामुळे बराच वेळ भूमकर चौकाच्या ट्रॅफिकमध्ये जातो आणि तो शर्टाच्या खिशात असतो. ‘घ्यावा का रे?’ असं बरेच मित्र विचारतात. फायदे-तोटे सांगायला मी सुरुवात करतो आणि दर वेळी बोलणं मेगापिक्सलवरून भलतीकडेच जातं. ते भलतीकडचं इथे लिहितो आहे.

आधी साधा हिशेब. या कॅमेऱ्यांतला सेन्सर साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान. प्रकाश कमी झाला की फोटोत दाणे येतात. आजचा बरा फोन एका क्लिकमागे अनेक फ्रेम घेऊन त्या जोडतो. या बिचाऱ्याला ते जमत नाही. उन्हात स्क्रीन दिसत नाही. जुन्या मॉडेलची बॅटरी आणि कार्ड शोधायला वणवण करावी लागते. जमेच्या बाजूला खरा ऑप्टिकल झूम, झगझगीत फ्लॅश आणि एक मोठी गोष्ट: तो दुसरं काहीच करत नाही. फोटो काढता काढता ऑफिसच्या ग्रुपवरचा मेसेज दिसत नाही. बहुतेक जुन्या मॉडेलांना इंटरनेट नाही. फोटो कुठल्या क्लाउडवर चढत नाही, त्यातले चेहरे ओळखून कुणी त्यांचे गठ्ठे बांधत नाही. जे आहे ते कार्डावर.

एवढ्यावर हिशेब संपला असता. पण या कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणून जे सांगितलं जातं, ते त्याचं लहान असणं. तो दिसत नाही. आणि जी वस्तू दिसत नाही, तिला समोरचा माणूस ‘नको’ म्हणू शकत नाही.

कॅमेरा लहान करत जाण्याची धडपड जुनी आहे. १८८८ साली ‘कोडॅक’ आला, शंभर फोटोंची फिल्म आधीच भरलेली पेटी. तोवर फोटो म्हणजे तिकाटणं, काचेच्या प्लेटा, समोरच्याला श्वास रोखून बसवणं. आता कुणीही, कुठेही, कुणाचाही फोटो काढू लागला. दोनच वर्षांनी, १८९०मध्ये, सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’त खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. झटपट काढले जाणारे फोटो आणि वर्तमानपत्रं माणसाच्या घरात शिरली आहेत, ही त्यांची तक्रार होती. खासगीपणाच्या कायद्याची चर्चा आजही त्या लेखापासून सुरू होते. पुढे १९३०च्या दशकात वॉल्टर झाप यांचा मिनॉक्स आला, मुठीत लपणारा, हेरांचा म्हणून गाजलेला. २००२मध्ये कॅसिओनं एक्झिलिम काढला, जाडी ११.३ मिलिमीटर. २०१०मध्ये जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यातले बहुतेक छोटेच होते. मग फोननं तो बाजार गिळला.

यावरून असं वाटेल, की मोठा कॅमेरा सभ्य आणि लहान कॅमेरा चोरटा. तसं नाही. विल्यम जॉन्सन नावाच्या छायाचित्रकारानं १८६३ आणि १८६६मध्ये मुंबईतल्या लोकांच्या फोटोंचे दोन खंड प्रसिद्ध केले. कॅमेरा अवाढव्य, लपवणं अशक्य. लोक त्यासमोर रीतसर उभे राहिलेले. पण फोटोखाली शीर्षकं येतात ती जातींची आणि समाजांची. स्टुडिओत फोटो काढलेली माणसं नंतर भलत्याच पार्श्वभूमीवर चिकटवली गेली. त्यांना कॅमेरा दिसत होता, पण आपलं काय होणार आहे ते दिसत नव्हतं. म्हणजे कॅमेरा दिसणं ही पहिली पायरी झाली. तेवढ्यानं भागत नाही.

मराठीत याचा एक चांगला धागा सापडतो. आपण म्हणतो ‘फोटो काढला’. चित्र काढतो तसा, किंवा विहिरीतून पाणी काढतो तसा. पण आपल्याकडे आणखी एक क्रियापद आहे, जे आजीच्या तोंडी हमखास असायचं: ‘आम्ही जोडीनं फोटो काढून घेतला.’ कॅमेरा दुसऱ्याच्या हातात आहे, तरी वाक्याचा कर्ता समोर बसलेला माणूस आहे. तो नवी साडी नेसून स्टुडिओत गेला, पैसे दिले, कसं दिसायचं ते ठरवलं आणि प्रत घरी आणून भिंतीवर लावली. ‘त्याने माझा फोटो काढला’ आणि ‘मी फोटो काढून घेतला’ या दोन वाक्यांमधलं अंतर म्हणजे हा सगळा प्रश्न आहे. छोटा कॅमेरा माणसाला दुसऱ्या वाक्यातून पहिल्या वाक्यात ढकलतो, तेही त्याच्या नकळत.

आता वाकडकडे येतो, कारण हे सगळं मला पुस्तकातून सुचलेलं नाही.

वाकडहून डांगे चौकाच्या बाजूला गेलं की सकाळी मजूर अड्डा भरतो. थापी, घमेलं, डबा, रंगाचे ब्रश घेऊन माणसं उभी असतात. मराठवाड्यातली, सोलापूरकडची, कर्नाटकातली. टेम्पो किंवा बाइक थांबते, भाव ठरतो, दोघं-चौघं जातात. साडेनऊ-दहानंतर जे उरतात त्यांचा दिवस गेला. कोवळं ऊन असतं, चेहरे असतात, हातांवर जुना चुना असतो. फोटोची आवड असलेल्या कुणालाही तिथे थांबावंसं वाटेल.

मी थांबलो होतो. कॅमेरा हातात होता, उचलला नव्हता. चाळिशीच्या एका गवंड्याला विचारलं, “दादा, एक फोटो काढू का?”

तो म्हणाला, “हाताचा काढा. तोंडाचा नको.”

“बरं. पण का हो?”

“गावाकडं सांगितलंय, चाकणला कंपनीत हाय म्हणून. पोरीची सोयरीक चाललीय.”

मी हाताचा काढला.

कायद्यानं बघितलं तर मी त्याला विचारायची गरज नव्हती. रस्ता सार्वजनिक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे, पण ते बाईचे खासगी क्षण चोरून बघण्या-टिपण्याविरुद्ध आहे. चौकात उभ्या असलेल्या गवंड्याला त्याचा उपयोग नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ साली डिजिटल डेटाचा कायदा आला, पण एखाद्यानं निव्वळ वैयक्तिक कारणासाठी ठेवलेल्या माहितीला तो लागू होत नाही. माझ्या कार्डावरचा फोटो त्यातच बसतो.

तरीही त्या फोटोनं एक लग्न मोडू शकलं असतं. मी तो इन्स्टावर टाकला असता, खाली ‘श्रमाचं सौंदर्य’ असं काहीतरी लिहिलं असतं, शे-दोनशे लाइक आले असते आणि तो फिरत फिरत गावातल्या एखाद्या ग्रुपवर पोहोचला असता. माझ्या मनात काहीही वाईट नसताना. मुद्दा असा, की नकाराचं कारण बाहेरून दिसत नाही. चेहऱ्याकडे बघून ते ओळखता येत नाही, कितीही संवेदनशील माणूस असला तरी. ते फक्त समोरचा सांगू शकतो आणि सांगायला त्याला आधी कळायला हवं, की फोटो निघतो आहे. म्हणून लपलेल्या कॅमेऱ्याबद्दल माझी तक्रार खासगीपणाच्याही आधीची आहे: तो समोरच्याकडून बोलण्याची संधीच काढून घेतो.

याच भागात याची दुसरी बाजूही रोज दिसते. चाकण-तळवड्याच्या अनेक कारखान्यांच्या गेटवर सिक्युरिटीवाला फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतो. आत नवा पार्ट असेल, डाय असेल, लाइनची मांडणी असेल. फोटो बाहेर जाता कामा नये. छोटा कॅमेरा तर गेटवरच जमा. बाहेर पडताना स्टिकर शाबूत आहे का ते बघतात. यंत्राच्या इभ्रतीची एवढी काळजी घेणारी ही व्यवस्था आहे, आणि त्याच गेटसमोर चहा पिणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या चेहऱ्याला मात्र कुठलंही स्टिकर नाही. उलट, कष्टकऱ्याचा फोटो ही आता कामाची अट होत चालली आहे. १ जानेवारी २०२३पासून रोजगार हमीच्या कामांवर मोबाइल अ‍ॅपवर मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो घेणं बंधनकारक झालं. फोटो चढला नाही तर हजेरीचा प्रश्न. ज्याला नकार परवडतो त्याला विचारलं जातं आणि ज्याला परवडत नाही त्याचा फोटो थेट काढला जातो, असा हा साधा नियम दिसतो.

यावर एक बिनतोड वाटणारा युक्तिवाद आहे. विचारून काढलेला फोटो मेलेला असतो. माणूस ताठ होतो, केस सारखे करतो, हसतो. जगातले कितीतरी थोर फोटो न विचारता काढलेले आहेत. छोटा कॅमेरा हातात असला की माणसं जशी असतात तशीच राहतात, म्हणून तर तो घ्यायचा.

यातलं अर्धं खरं आहे. पण ‘जशी असतात तशी’ राहण्यासाठी कॅमेरा लहानच हवा असं नाही. दुसरा मार्ग वेळेचा आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जे फोटो काढले, ते बघा. कचऱ्याच्या ढिगात, गटारात उतरलेली माणसं. ते फोटो चोरून काढलेले वाटत नाहीत. अनेक वर्षं तोच विषय धरून, त्याच माणसांमध्ये वावरून ते काम उभं राहिलं. २०१६मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंतली माणसं कॅमेऱ्यासमोर अवघडलेली नाहीत, याचं कारण कॅमेऱ्याचा आकार नाही. समोरचा माणूस ओळखीचा झाला, की कॅमेरा आपोआप दिसेनासा होतो. आपल्यापैकी बहुतेकांना तो वेळ द्यायचा नसतो, म्हणून आपण तो अकरा मिलिमीटरच्या जाडीत विकत घेऊ बघतो.

पण दुसऱ्या अर्ध्या युक्तिवादाला मी मान देतो. लपवता येणारा कॅमेरा काही वेळा दुबळ्याच्या हातातलं एकमेव हत्यार असतो. मुकादम मजुरी बुडवतो आहे, बसमध्ये कुणी अंगचटीला येतो आहे, कामगाराला पट्ट्याशिवाय उंचावर चढवलं आहे. इथे ‘साहेब, फोटो काढू का?’ असं कोण विचारेल? तेव्हा नकाराचा हक्क सगळ्यांचा सारखा नाही. ज्याच्या हातात ताकद आहे त्याच्याकडे खालून बघताना कॅमेरा लपवणं मला चूक वाटत नाही. वरून खाली बघताना मात्र तो दिसायलाच हवा. वाकडच्या पंचविसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून झूम लावून बांधकामावरच्या बाईचा फोटो काढणारा आणि त्याच बांधकामावरून तुटकी परांची टिपणारा कामगार, दोघांकडे एकच मॉडेल असू शकतं.

मग हा कॅमेरा घ्यावा का? माझं उत्तर हो असं आहे, आणि कारण जरा उलटं आहे. २००५मध्ये मोठ्या कॅमेऱ्यांच्या शेजारी तो अदृश्य होता. आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे. फोन धरलेला माणूस मेसेज वाचतोय की फोटो काढतोय हे कुणालाच कळत नाही. त्या गर्दीत छोटा कॅमेरा वर उचलला, की लोकांच्या पटकन लक्षात येतं. फ्लॅश उडतो. पोरं ‘ओ, हा कुठला कॅमेरा?’ म्हणून जवळ येतात. तो एकच काम करतो, त्यामुळे त्याला बहाणा करता येत नाही. जी वस्तू लपण्यासाठी बनली, ती काळाच्या ओघात प्रामाणिक झाली आहे. अर्थात, तो डोळ्यांपुढे धरला तर. कमरेजवळून गुपचूप दाबला तर तो पुन्हा मिनॉक्स.

आणि त्याच्या एका तोट्याचा मला फायदा झाला आहे. त्यातून जागच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप करता येत नाही. त्या अड्ड्यावरच एका ताईंनी विचारलं होतं, “मला काय मिळणार याचं?” पेपरात येणार नव्हता, पैसे मी देत नव्हतो. प्रश्न बरोबर होता. मग त्यांनीच लेकाला बाजूला उभं केलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “असा काढा. आन् कागदावर द्या.” पुढच्या रविवारी चार बाय सहाची प्रिंट घेऊन गेलो. त्या कामाला गेल्या होत्या. दोन हेलपाटे झाले, तिसऱ्यांदा भेटल्या. त्यांनी फोटो बघितला, पोराच्या डोळ्यांत फ्लॅशनं लाल ठिपके आले होते त्यावर हसल्या आणि तो पिशवीत, डब्याच्या खाली, आडवा ठेवला.

मित्रांना आता मी एवढंच सांगतो: कॅमेरा घ्या, पण प्रिंटचे पैसे आणि हेलपाट्यांचा वेळ किमतीत धरा.