द्रव्यांतर आणि त्याग

अंगावरचा बहुमोल दागिना मोडून कोणी भूखंड घेतला, म्हणजे आप्तेष्ट म्हणतात, ‘केवढा त्याग केला!’ वस्तू हातची गेली, हे उघडच आहे. परंतु वस्तू जाणे म्हणजे त्याग होणे काय, हा प्रश्न विचारणीय आहे.

नागपूर-अमरावती मार्गावरील कारंजा (घाडगे) यासारख्या गावी हा प्रश्न केवळ पोथीतला राहत नाही. रस्त्यालगतची जमीन उद्या दुपटीने विकली जाईल, या आशेने पिढीजात जपलेल्या पाटल्या सराफाकडे जातात. घडणावळ बुडते, घट धरली जाते आणि उरलेल्या रकमेची जमीन होते. गृहस्थाने द्रव्याची तजवीज करणे हा दोष नव्हे. दोष आहे तो या विनिमयास त्याग म्हणण्यात. सोन्यावर जडलेले ‘माझे’ तसेच राहते. ते केवळ भूमीवर जाऊन बसते.

श्रीचक्रधरस्वामींनी अनुसरलेल्यास स्वदेश, स्वग्राम आणि संबंधी यांचा संबंध टाकावयास सांगितले. या क्रमात भूमीचा संबंध आधी येतो, हे ध्यानी घ्यावे. अलंकार पेटीत मावतो. भूमीस मात्र बांध असतो, शेजारी असतो, वारस असतात आणि त्यांचे कलहही असतात. वासनिकास घरदार सोडावयाचे नाही. परंतु हलके बंधन देऊन आपण जड बंधन घेतले, एवढे तरी त्याने ओळखावे.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे : गेलेली वस्तू कोणाची? लीळाचरित्राच्या एकांकात हरिपाळदेवांच्या द्यूताची लीळा आहे. हरलेले द्रव्य देण्यासाठी त्यांनी कमळाइसेकडे अलंकार मागितले. तिने ते दिले नाहीत. पुढे ते रामयात्रेच्या निमित्ताने निघाले आणि ऋद्धिपुरी त्यांना श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली. या लीळेत कमळाइसेची ममता दिसते, हे खरे. पण अलंकार तिच्याकडून हिरावून घेतले गेले नाहीत, हेही तितकेच लक्षणीय आहे. आज पत्नीचे स्त्रीधन मोडावे आणि खरेदीखत पतीच्या एकट्याच्या नावे व्हावे, यात त्याग कोणाचा आणि लाभ कोणाचा? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेही अशा धनावर स्त्रीचे पूर्ण स्वामित्व मानले आहे. दुसऱ्याच्या वस्तूचा त्याग करता येत नाही. तो केवळ अपहार होतो, मग त्यास कितीही गोड नाव द्या.

खरा त्याग कसा ओळखावा, याचे उदाहरण याच वर्धा जिल्ह्यात आहे. १९०७ मध्ये सतरा वर्षांच्या जमनालाल बजाज यांनी एका विवाहसमारंभासाठी रत्नजडित अलंकार घालण्यास नकार दिला. दत्तक आजोबा बच्छराज संतापले, तेव्हा त्यांच्या संपत्तीवरील हक्क लेखी सोडून जमनालाल घराबाहेर पडले. मनधरणीनंतर ते परतले. पुढे वारसाही त्यांच्याकडेच आला. परंतु एकदा सोडलेले आपले कसे म्हणावे, या विचाराने ती संपत्ती त्यांनी विश्वस्ताच्या भावनेने सांभाळली. गांधीजी १९३६ मध्ये जेथे राहावयास गेले, ते सेगाव त्यांच्याच मालगुजारीतले होते. द्रव्य त्यांच्या हाती राहिले. ‘माझे’ मात्र गळून पडले.

म्हणून वस्तू गेली की राहिली, यावरून त्यागाचा निर्णय होत नाही. सोने विकून जमीन घेणाऱ्याने तीन प्रश्न मनाशी विचारावेत. गेलेले माझेच होते काय? आलेले कोणासाठी आहे? आणि उद्या भाव पडला, तर झोप उडेल काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर व्यवहार खुशाल करावा. पण त्यास त्याग म्हणू नये. व्यवहारास व्यवहार म्हणणारा गृहस्थ निदान असत्यापासून तरी मुक्त राहतो, आणि ज्याने आपली ममता ओळखली, त्याला ती सोडण्याची वाट पुढे सापडू शकते.