राखीव वैमानिक आणि सरकारी घोडा

भिलाईसारख्या कारखान्यांच्या रखवालीसाठी जेथे बारमाही शिपाई घडविले जातात, त्या उतईत बसून हंगामी लढवय्यांचा विचार करणे काहीसे विपरीत वाटेल. परंतु 1741 मध्ये भास्करराम कोल्हटकरांच्या स्वारीनंतर नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली गेलेल्या या मुलखात शिलेदार आणि बारगीर यांचा भेद कोणास नवा नसावा. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई, बारगिरास तो सरकारी पागेतून मिळे. आधुनिक राखीव वैमानिकाची स्थिती या दोहोंमधली आहे: कसब त्याचे स्वतःचे, घोडा मात्र सरकारचा; आणि सरकार त्याला कोणता घोडा देते, यावरून त्या सरकारच्या मनातील त्याची किंमत उघड होते.

1939 साली महायुद्ध पेटताच हिंदी वायुदलाची स्वयंसेवक राखीव शाखा उभी राहिली आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता, कराची आदी बंदरांच्या रक्षणार्थ किनारा-संरक्षक तुकड्या नेमण्यात आल्या. फ्लाइंग क्लबांत हौसेने अथवा पोटापाण्यासाठी उड्डाण शिकलेले नागरिक तीत रुजू झाले. त्यांच्या हाती पडली ती बहुतांशी वापिटी विमाने: 1927 साली प्रथम उडालेली, दुहेरी पंखांची, उघड्या बैठकीची आणि एकाच इंजिनाची! ते इंजिन बंद पडल्यास खाली केवळ समुद्र होता, हे हुकूमनामे काढणाऱ्या दप्तरास ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे.

याच ब्रिटिश सरकारने स्वदेशी निराळा न्याय लावला. ग्लासगोची 602 आणि एडिंबरोची 603 ही दोन्ही पथके सहाय्यक वायुदलाची, म्हणजे सुट्टीच्या दिवशी उड्डाण करणाऱ्या नागरिकांची होती. पण ऑगस्ट 1939 मध्ये त्यांना कायम सेवेत पाचारण झाले, तेव्हा 602 च्या ताब्यात मे महिन्यापासूनच स्पिटफायर विमाने होती आणि 603 लाही ती लवकरच मिळाली. 16 ऑक्टोबर रोजी जर्मन बाँबफेकी विमाने फोर्थच्या खाडीवर आली असता या दोन पथकांनीच त्यांतील काही पाडली, आणि ब्रिटनच्या परिसरात शत्रूचे विमान पाडण्याचा त्या युद्धातील पहिला मान नियमित दलाऐवजी राखीवांकडे गेला. या पथकांतील पॅट्रिक गिफर्ड वकिली करीत असे, जॉर्ज पिंकर्टन शेती. परंतु अशिलाच्या कागदपत्रांतून उठून आलेल्या माणसास हाती उत्तम यंत्र मिळाले, म्हणजे तो सैनिकच ठरतो.

हिंदी वैमानिक कमी पडले असते, असे म्हणण्यास मात्र जागा उरत नाही. 1940 च्या शरद ऋतूत याच प्रकारचे 24 वैमानिक विलायतेस रवाना झाले. दिल्लीच्या फ्लाइंग क्लबात शिकलेले महिंदरसिंग पुज्जी यांनी तेथे हरिकेन चालविले आणि पुढे ब्रह्मदेशातील कामगिरीबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. जे हात तेथे हरिकेनला पुरे पडले, तशाच हातांत इकडच्या किनाऱ्यावर वापिटी देणे ही निव्वळ टंचाई नव्हती. अर्थात टंचाईही होती, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते, कारण ब्रिटनच्या स्वतःच्या नियमित पथकांनाही तेव्हा विमाने पुरत नव्हती. पण टंचाईच्या दिवसांतच कोणाच्या वाट्याला काय टाकायचे हे ठरते.

स्वतंत्र भारताने 1952 मध्ये राखीव व सहाय्यक वायुसेनांचा कायदा केला आणि शासनास नागरिक वैमानिकास बोलावण्याचा अधिकार दिला. त्या अधिकाराच्या बदल्यात वैमानिकाने शासनाकडे मागावयाचे पहिले आश्वासन भत्त्याचे नसावे, विमानाचे असावे.