हळहळण्याचा अधिकार

ज्या शहरात आपण लहानाचे मोठे झालो ते पाहण्यासाठी पैसे मोजून वाटाड्या घ्यावा, ही कल्पना प्रथम मला हास्यास्पदच वाटली. पण शाळेतल्या एका तरुण सहकाऱ्याने फारच आग्रह धरला, आणि एका रविवारी सकाळी सात वाजता मी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर जाऊन उभा राहिलो. आम्ही पंधरासोळा जण होतो. वाट दाखवणारी मुलगी पंचविशीची, चुणचुणीत आणि, कबूलच केले पाहिजे, माझ्याहून पुण्याची अधिक माहीतगार होती. 1730 साली वाड्याचा पाया घातला गेला, 1828 च्या आगीत आतले लाकडी मजले जळून गेले आणि दगडी तट नि जोती तेवढी राहिली, हे तिने असे सांगितले की नेहमीच्या त्या तटाकडे मी नव्याने पाहू लागलो.

तेथून आम्ही कसबा पेठेत शिरलो. एका बोळातल्या वाड्याची दिंडी उघडी होती. मुलीने आधी परवानगी घेऊन ठेवली होती. वाकून आत गेलो तो चौक, तुळशीवृंदावन, कोरीव खांब, ओटीवरच्या काळ्या पडलेल्या तुळया. सगळ्यांचे मोबाइल एकदम बाहेर आले. एक गृहस्थ सुस्कारा टाकून म्हणाले, "काय वाडे होते हो! सगळी वाट लावली या बिल्डरांनी." मीही सुस्कारा टाकला. माझा बहुधा त्यांच्याहून मोठा होता. कारण अशाच वाड्यावर मी एक कादंबरी लिहिली आहे.

इतक्यात वरून एक आजी कठड्याशी आल्या. "बघा, बघा. पण त्या जिन्यावर पाय ठेवू नका, डुगडुगतोय."

"आजी, तुम्ही भाग्यवान," ते गृहस्थ म्हणाले. "हे पाडू देऊ नका बरं का!"

"मग तुम्ही येता का राहायला? मागच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. पावसाळ्यात मात्र छत्री घेऊन झोपावं लागतं."

सगळे हसले. मला हसू आले नाही.

आमचे बिऱ्हाडही अशाच वाड्यात दुसऱ्या मजल्यावर होते. चौकात एकच नळ. तोही पहाटे तासभर. आई हंडा-कळशी घेऊन तो अंधारा जिना दहादहा वेळा चढत असे. संडास मागल्या अंगाला, सहा बिऱ्हाडांत दोन. पुढे वाडा पाडला गेला आणि आम्हांला त्याच जागी दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. पहिल्या दिवशी आईने स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि कितीतरी वेळ ती नुसता हात त्या धारेखाली धरून उभी राहिली.

त्या रविवारी घरी येऊन मी माझी कादंबरी काढली. तीत तुळशीपुढचा दिवा आहे, उघडी दारे आहेत, एकमेकांच्या घरी जाणारी वाटीभर आमटी आहे. जवळजवळ तीनशे पानांत आई एकदाही कळशी उचलत नाही.

आता प्रश्न असा, की हळहळण्याचा अधिकार कोणाचा? वाडे काही एकट्या बिल्डरांनी पाडले नाहीत. काही 1961 च्या पानशेतच्या पुराने नेले. भाडेनियंत्रणाच्या कायद्याने गोठलेल्या भाड्यात मालकाला कौले बदलणे परवडेना; आणि भाडेकरूला त्याच भाड्यामुळे डोक्यावर छप्पर राहिले, हेही खरे. शेवटी दोघांनीही कागदावर सही केली. आमच्या बाबांनीही केली. जे सुटले ते आता रविवारी सकाळी येऊन मागे राहिलेल्यांना सांगतात, तुम्ही जपा!

म्हणून वाडे खुशाल पडू द्यावेत, असे मला म्हणायचे नाही. त्या तुळया घडवणाऱ्या सुताराचा हात पुन्हा मिळणार नाही. पण एखादी वस्तू सर्वांचा वारसा ठरली, तर तिचे गळके छप्पर एकाच म्हातारीच्या माथी का असावे? पाहण्याचा आनंद सर्वांचा, तर कौलांचा खर्चही सर्वांचा असावा. ज्या हळहळीची आपल्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही, ती शौकाहून फारशी निराळी नसते.

पुढे बुधवार पेठेत ती मुलगी आम्हांला भिडेवाड्याच्या जागेपाशी घेऊन गेली. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी येथे मुलींची शाळा काढली. वाडा 2023 च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला. त्याआधी कित्येक वर्षे तो मोडकळीला आला होता. मी शिक्षक, त्याच रस्त्याने शेकडो वेळा गेलो असेन, पण मान वर करून पाहिल्याचे आठवत नाही. तिथे नक्षी नव्हती ना! जो वाडा आता नाही त्याच्याविषयी ती मुलगी बोलत होती, आणि सतरा वर्षांची एक बाई रोज शिव्याशाप सोसत शिकवायला येत होती, हे ऐकताना एकाचाही मोबाइल बाहेर आला नाही. मला वाटते, त्या सकाळी आम्ही खरे पाहिले ते तिथेच.

संध्याकाळी आईला सारी हकीकत सांगितली. चौक, तुळस, कोरीव खांब, आजी. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पाणी वर चढवलंय का रे त्यांनी?"

ते मी पाहिलेच नव्हते.