खोटी कबुली आणि सातारचे महाराज

बालाघाटावरील लिंबागणेश असो की दुसरे कोणतेही खेडे असो, तंटा मिटविण्याची एक रीत सर्वत्र आढळते. कोणाच्या गंजीतला कडबा नाहीसा झाला, किंवा ऊसतोडीच्या टोळीत उचलीचा हिशेब जुळेना, म्हणजे चार माणसे पारावर जमतात आणि ज्याचे बळ कमी त्यास म्हणतात, "बाबा, एकदा चुकलो म्हण, अंगठा दे आणि मोकळा हो." असे बोलणारा मनुष्य दुष्टच असतो असे नाही, त्यास गावात शांतता हवी असते. परंतु ज्याने ते कृत्य केलेच नाही त्याने ते कबूल करावे काय? हाच प्रश्न एके काळी सातारच्या राजवाड्यात उभा राहिला होता, व त्याचे उत्तर देणाऱ्यास आपली गादी गमवावी लागली.

प्रतापसिंह महाराजांचा जन्म 1793 सालचा. 1808 साली ते छत्रपती झाले, पण नावाचेच; सत्ता पेशव्यांच्या हाती होती आणि राजकुटुंब त्यांच्या पहाऱ्यात होते. 1818 च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईनंतर ते इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजांनी त्याच वर्षी त्यांस साताऱ्यास गादीवर बसविले, आणि 1819 साली तह करून लहानसे राज्य त्यांच्या नावे केले. त्यांच्यावर उपकार झाले हे खरे. परंतु हे उपकार करण्यात मराठे सरदारांस पेशव्यांपासून फोडण्याचा हेतूही होता, हेही तितकेच खरे. मिळालेल्या अधिकाराचा महाराजांनी चांगला उपयोग केला. रस्ते बांधले, यवतेश्वराच्या डोंगरावरून शहरास पाणी आणले, पाठशाळा चालविल्या.

पुढे जहागीरदारांवरील हक्काविषयी मुंबई सरकारशी त्यांचा बेबनाव झाला. 1836 पासून त्यांच्यावर आरोप येऊ लागले. पलटणीच्या शिपायांस त्यांनी फितविले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी व नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधले, असे ते आरोप होते. महाराजांनी ते सर्व नाकारले. 1839 च्या ऑगस्टात गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आले व त्यांनी एक कागद पुढे ठेवला. त्यातील अटी पाहिल्या तर राज्य वाचत होते. परंतु त्याच्या आरंभीच असा आशय होता की, महाराजांनी तहाविरुद्ध वर्तन केल्याची सरकारची खात्री झाली आहे, तथापि दया करून मागील सर्व पोटात घालण्यात येत आहे. म्हणजे क्षमा घ्यावयाची तर अगोदर अपराध पत्करावयाचा. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबरात त्यांस राजवाड्यातून नेण्यात आले. त्यांनी प्रतिकार केला नाही. धाकटे बंधू आप्पासाहेब ऊर्फ शहाजी गादीवर आले. महाराजांस काशीस पाठविण्यात आले व तेथेच 1847 साली त्यांचा अंत झाला. त्यांचे वकील रंगो बापूजी यांनी लंडनमध्ये अनेक वर्षे दाद मागितली. ती मिळाली नाही.

युरोपातही लहान राजकुलांतील पुरुष असेच मोठ्यांच्या डावात सापडत. जर्मनीतील बाटेनबर्ग घराण्याचा अलेक्झांडर 1879 साली, वयाच्या अवघ्या 22 व्या वर्षी, बल्गेरियाचा प्रिन्स म्हणून निवडला गेला. रशियाच्या राजघराण्याशी त्याचे नाते होते आणि त्यास रशियाचा पाठिंबा होता. तो रशियाच्या मर्जीबाहेर जाऊ लागला, तेव्हा 1886 च्या ऑगस्टात बंडखोर लष्करी अधिकारी रात्री वाड्यात शिरले व त्यांनी शस्त्राच्या धाकाने त्याच्याकडून राजत्यागपत्रावर सही घेतली. थोड्याच दिवसांत त्याच्या पक्षाच्या लोकांनी त्यास परत आणले. पण परत येताच त्याने रशियाच्या बादशहास तार केली की, हा मुकुट मला रशियाने दिला आहे व तो तिच्या अधिपतीच्या हाती परत देण्यास मी सिद्ध आहे. बादशहाने त्याचे परत येणेच नापसंत केले, आणि सप्टेंबरात त्यास कायमचे राज्य सोडावे लागले.

ह्या राजपुत्राच्या दोन कृत्यांत भेद आहे. छातीवर शस्त्र असता केलेली सही, हात त्याचा असला तरी, इच्छा दुसऱ्याची. तार मात्र त्याची स्वतःची होती. मनुष्याचा न्याय करताना हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

कोणी म्हणेल, महाराजांनी सही केली असती तर राज्य तरी राहिले असते. हे कोणी सांगावे? 1848 साली शहाजी महाराज औरस पुत्राविना वारले. त्यांनी घेतलेला दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी राज्य खालसा केले. प्रतापसिंहांसही पुत्र नव्हता. म्हणून फळावरून त्यांचे कृत्य बरे की वाईट हे ठरविता येणार नाही. त्याचे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे, व ते असे. फितुरी एकट्याने होत नाही. महाराजांच्या दिवाणावरही तोच आरोप होता. धन्याने "होय, घडले" असे लिहून दिले असते, तर धन्यास क्षमा मिळाली असती आणि चाकरावर शिक्का बसला असता. खोटी कबुली ही केवळ स्वतःविषयीची लबाडी नव्हे. तीत बहुधा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष दडलेली असते.

मग गरिबाने काय करावे? त्याच्यापाशी ना राज्य, ना लंडनास पाठविण्यास वकील. घरी लेकरे उपाशी असता ज्याने कोऱ्या कागदावर अंगठा उठविला, त्यास आपण भित्रा म्हणू नये. भूक हेही शस्त्रच आहे, आणि ते छातीवर असता दिलेल्या अंगठ्याचा दोष प्रथम ते रोखणाऱ्याचा.

म्हणूनच हा प्रश्न आरोपीपेक्षा पारावर बसणाऱ्यांचा अधिक आहे. मंडळीचे वडील, शिक्षक, पंच, ज्यांच्या शब्दास गावात मान आहे, त्यांनी तंटा मिटविताना आधी विचारावे की खरे काय घडले. मग विचारावे की समेट कसा होईल. हा क्रम उलटला म्हणजे बलवानाचा तंटा मिटतो व दुबळ्याचा आरंभ होतो. कोणी "हे मी केले नाही" असे म्हणून कागद परत सारील, तर त्यास हट्टी ठरविण्यापूर्वी थांबावे, आणि कागदावरील मजकूर चौघांसमक्ष मोठ्याने वाचून घ्यावा.