आवाज कुणाच्या कानाने मोजायचा?

टू-स्ट्रोकचा आवाज मोठा की फोर-स्ट्रोकचा, हा वाद बारामती-इंदापूरकडच्या गॅरेजसमोर अजून मिटलेला नाही. चाळिशी-पन्नाशीतली माणसं टू-स्ट्रोक आरएक्स हंड्रेडचं नाव काढतात, पोरं फोर-स्ट्रोक बुलेटचं. दोघांचंही ऐकलं की दोघंही खरं बोलताहेत असं वाटतं, आणि ते खरंच बोलत असतात. मला वाटतं, प्रश्न अर्धाच विचारला जातो. आवाज मोठा की लहान, हे इंजिनावर जेवढं अवलंबून, तेवढंच ऐकणारा कुठे उभा आहे यावरही. हे समजायला आधी सिलेंडरच्या आत डोकवावं लागेल.

फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवा आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि जळका वायू बाहेर टाकणं ही चार कामं पिस्टन चार फेकांत करतो. क्रँकचे दोन फेरे पुरे होतात तेव्हा एकदा पेट्रोल पेटतं. टू-स्ट्रोकमध्ये हे सगळं एकाच फेऱ्यात उरकतं, म्हणजे दर फेऱ्याला एक स्फोट. डाळिंबाच्या बागेत पाठीवर घेतात तो पेट्रोलचा फवारणी पंप पाहा. पंचवीस सीसीच्या आसपासचा हा पंप बाजारात दोन्ही प्रकारांत मिळतो. दोन्ही पंप मिनिटाला ७००० फेऱ्यांवर चालवले, तर टू-स्ट्रोकचे सेकंदाला ११७ स्फोट होतात आणि फोर-स्ट्रोकचे ५८. कंप दुप्पट झाले की स्वर एक सप्तक वर जातो. तेव्हा यंत्र तेवढंच, वेगही तोच, पण एक खर्जात बोलतंय आणि दुसरं त्याच्या वरच्या सप्तकात.

नुसत्या सप्तकाने मात्र टू-स्ट्रोकच्या आवाजाची ती धार समजत नाही. ती येते धूर बाहेर पडण्याच्या तऱ्हेमुळे. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलेंडरच्या भिंतीतच एक खिडकी असते, तिला पोर्ट म्हणतात, आणि खाली सरकणारा पिस्टनच ती उघडतो. एकाच फेऱ्यात सगळं उरकायचं असल्याने ही खिडकी लवकर उघडावी लागते, तेव्हा आतल्या वायूत भरपूर दाब शिल्लक असतो. शिवाय खिडकीची कड रुंद असते, त्यामुळे ती क्षणात मोकळी होते. वायू एका झटक्यात नळीत घुसतो. फोर-स्ट्रोकचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन तळाशी पोचत आल्यावर, कॅमच्या चढाने हळूहळू उचलला जातो. तोवर वायूने आपलं बरंचसं काम केलेलं असतं. धक्का जितका तीक्ष्ण, तितके मूळ स्वराच्या वरचे पटीतले स्वर जास्त भरतात. ११७ च्या सोबत २३४, ३५१ आणि त्याही वरचे. कान करकरतो तो या वरच्या स्वरांनी.

जुन्या चेतकचा मंद चालतानाचा आवाज ज्यांनी लक्ष देऊन ऐकलाय, त्यांना एक गोष्ट आठवेल. चहाच्या टपरीसमोर उभी असताना ती एकसारखी वाजत नसे. एखादा ठोका, मग खंड, मग पुन्हा ठोका. यात बिघाड काही नसे. थ्रॉटल बंद असताना टू-स्ट्रोकच्या सिलेंडरमधला जळका वायू पुरता बाहेर जात नाही. ताजं मिश्रण त्यात इतकं मिसळतं की दर फेऱ्याला ते पेटतच नाही. दोन-तीन फेऱ्यांनी आतली हवा जरा साफ झाली की एकदा पेटतं. मूठ पिळली की हे खंड भरून येतात आणि सलग तार लागते. म्हणजे नियमाने दर फेऱ्याला पेटणारं इंजिन मंद असताना नियम मोडतं, आणि त्याचं ते अडखळणंच पुष्कळांना जवळचं वाटतं.

दुसरी खूण सायलेन्सरची. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑईल असतं. ते अर्धवट जळून सायलेन्सरमध्ये काजळी धरतं. मग आवाज दबतो, गाडी ओढत नाही, आणि मेकॅनिक म्हणतो, “कार्बन धरलाय, सायलेन्सर जाळायला लागंल.” सायलेन्सर उतरवून विस्तवावर लाल होईस्तोवर तापवायचा, आपटून काजळी झाडायची, पुन्हा बसवायचा. गाडी सुटी झाल्यासारखी पळायची आणि आवाजही मोकळा यायचा. फोर-स्ट्रोकमध्ये मेकॅनिकचा कान वेगळीकडे लागतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडला टेकवून मूठ कानाशी धरायची आणि टॅपेट वाजतात की टायमिंगची चेन, ते ओळखायचं. टू-स्ट्रोकला टॅपेटच नसल्याने ती टकटकही नसते. फोर-स्ट्रोक शांत असतं असं जे म्हटलं जातं, ते धुराच्या नळीपुरतंच खरं आहे.

आता ऐकणाऱ्याच्या कानाकडे वळू. माणसाचा कान सगळ्या स्वरांना सारखा न्याय देत नाही. तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास तो सर्वात तिखट असतो, खर्जाला मंद. म्हणून आवाज मोजायच्या यंत्रात ‘ए’ नावाची एक चाळणी बसवलेली असते, जी खर्जाचे गुण कापते. १०० हर्ट्झला ती १९ डेसिबल वजा करते, ५० हर्ट्झला ३०. त्या दोन फवारणी पंपांचे मूळ स्वर हवेत अगदी सारख्या दाबाचे असले, तरी या चाळणीतून फोर-स्ट्रोकचा स्वर दहाएक डेसिबलांनी कमी भरेल. यात लबाडी नाही. जवळ उभ्या माणसाला तो खरोखरच कमी जाणवतो.

पण माणूस जवळ नसेल तर? हवेतून जाताना वरचे स्वर झिजतात, खर्ज टिकतो. चार हजार हर्ट्झचा स्वर हवेच्या कोरडेपणानुसार किलोमीटरमागे वीस-तीस डेसिबल किंवा त्याहूनही अधिक गमावतो. सव्वाशे हर्ट्झच्या स्वराचं एक डेसिबलही जात नाही. भिंतीचंही तसंच. स्वर एक सप्तक खाली आला की तीच भिंत साधारण सहा डेसिबल कमी अडवते. जाळी काढलेल्या सायलेन्सरची बुलेट रात्री कालव्याच्या रस्त्याने गेली, की ३४६ सीसीच्या त्या एका लांब सिलेंडरचे ३००० फेऱ्यांना सेकंदाला पंचवीस ठोके पडतात. आरएक्स ६००० फेऱ्यांवर शंभर ठोके देते. आरएक्स शेजारून गेली तर कानात शिरते, पण दोन शेतं ओलांडली की तिची धार गळून पडते. बुलेट पत्र्याच्या घरातल्या मांडणीवरची भांडी हलवते आणि पुढच्या वस्तीपर्यंत ऐकू जाते. हिवाळ्यात तर अधिकच. जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज वाकून पुन्हा खाली येतो. उजनीच्या फुगवट्याकाठी, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला, पहाटे पलीकडच्या काठावरचं वाहन अगदी जवळ असल्यासारखं ऐकू येतं ते याच कारणाने.

तेव्हा गॅरेजसमोरच्या वादात आरएक्सवाले रस्त्यावर उभे असतात आणि बुलेटवाले घरात झोपलेले.

कायद्याचा कान तिसऱ्याच जागी आहे. नव्या गाडीच्या चाचणीत ती वेग घेत जात असते आणि मायक्रोफोन तिच्या मार्गापासून साडेसात मीटरवर असतो. मर्यादा ८० सीसीपर्यंतच्या दुचाकीला ७५ डेसिबल, १७५ पर्यंत ७७ आणि त्यावर ८०, सगळे ‘ए’ चाळणीतून. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत ही चाचणी होते. साडेसात मीटरवर टू-स्ट्रोकची धार अजून शाबूत असते आणि फोर-स्ट्रोकचा खर्ज चाळणी कापून टाकते. या मापात फोर-स्ट्रोकला जरा हात मिळतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

टू-स्ट्रोक रस्त्यावरून गेली ती मात्र आवाजामुळे नव्हे, धुरामुळे. २०००, २००५ आणि २०१० असे प्रदूषणाचे निकष कडक होत गेले आणि तिचं न जळलेलं पेट्रोल त्यात बसेना. बारामतीने हा बदल आपल्याच एमआयडीसीत पाहिला. १९४६ साली इटलीत जन्मलेली व्हेस्पा टू-स्ट्रोक होती. बजाजने परवान्यावर पुण्यात बनवली तीही टू-स्ट्रोकच. पियाजिओने २०१२ साली बारामतीच्या कारखान्यातून ती पुन्हा आणली तेव्हा १२५ सीसीची फोर-स्ट्रोक होऊन आली. कालव्याच्या भरावावरून आणि उसाच्या बांधावरून दुधाच्या किटल्या नि वैरणीचे भारे वाहणारी वाहनंही तशीच बदलली. आधी लुना आणि एम-एटी, मग एक्सएल, आणि २०१५ साली एक्सएलही शंभर सीसीची फोर-स्ट्रोक झाली. इथलं खरं ऑफ-रोड वाहन हेच, मातीच्या शर्यतीतलं नव्हे.

मातीच्या शर्यतीतला अनुभवही मात्र जाणून घेण्यासारखा आहे. १९९८ साली यामाहाची वायझेड ४०० एफ बाजारात आली आणि मोटोक्रॉसमध्ये फोर-स्ट्रोकचं युग सुरू झालं. २५० सीसी टू-स्ट्रोकच्या बरोबरीला ४५० सीसी फोर-स्ट्रोक चालवायची मुभा नियमांनी दिली. जवळजवळ दुप्पट मापाचा सिलेंडर, मोकळा सायलेन्सर, आणि तो खर्ज ट्रॅकच्या कुंपणापलीकडे दूरवर जाऊ लागला. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाला आवाज मोजायची जुनी पद्धत सोडून गाडीमागे दोन मीटरवर, इंजिन झटक्यात कमाल वेगाला नेऊन मोजायची पद्धत आणावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, तिथेही मोठ्या वर्गातली वाहनं ४५० सीसीचीच होती.

मला काळजी आहे ती त्या स्टेडियमची नाही, डाळिंबाच्या बागेतल्या मजुराची. पाठीवरच्या पंपाचं इंजिन त्याच्या कानापासून फूटभर अंतरावर असतं. इतक्या जवळ हवेची झीज नाही, मध्ये भिंत नाही. टू-स्ट्रोक घ्या की फोर-स्ट्रोक, आवाज नव्वद डेसिबलच्या घरात सहज जातो. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तासांची आहे आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला एकच तास. फवारणी एका तासात कुठली संपतेय! फोर-स्ट्रोक पंपाने धार थोडी बोथट होते, ऑईल मिसळायचा त्रास वाचतो, एवढाच फायदा पदरात पडतो.

त्यापेक्षा बांधावर ठेवलेला एचटीपी फवारणी पंप कानाला कितीतरी हलका पडतो. इंजिन मातीवर असतं आणि माणूस लांब नळीच्या टोकाला गन धरून झाडांत फिरतो. मोकळ्या रानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एका फुटाचे बत्तीस फूट म्हणजे पाच दुपटी, म्हणजे तीस डेसिबल. एवढी घट कुठल्याही इंजिनाचा स्ट्रोक बदलून मिळत नाही. जिथे बागेत नळी ओढता येते तिथे पाठीवरचा पेट्रोलचा पंप कशाला द्यायचा, हे बागायतदाराने हंगामाआधी, मजुराला बोलावण्याच्या आत ठरवायला हवं. आणि जिथे झाडं दाट असल्याने पाठीवरच घ्यावा लागतो, तिथे कानात घालायचे बोळे फवारणीच्या हातमोज्यांसोबतच आणून ठेवायला हवेत.